‘शेअर करा’ म्हणताना नेमकं काय मागायचं?

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. आपलं पुस्तक, कथा किंवा कविता पुढे पोहोचवायला फेसबुक-व्हॉट्सॲपवरच्या ओळखीच्यांना गळ कशी घालायची? पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न आटोपशीर करून घेतले आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : फेसबुकवर माझे साडेचार हजार मित्र आहेत. कथासंग्रहाच्या प्रकाशनाची पोस्ट टाकली, चारशेवर लाइक आले, अभिनंदनांचा तर पाऊस पडला. शेवटी ‘कृपया जास्तीत जास्त शेअर करा’ असंही लिहिलं होतं. पण महिनाभरात प्रकाशकाकडे मागणी आली चौदा प्रतींची. चुकलं कुठे? (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही पत्रासोबत ती पोस्टही पाठवलीत, त्यामुळे काम सोपं झालं. फोटोत व्यासपीठावर पाच पाहुणे, प्रत्येकाच्या हातात छातीशी धरलेलं पुस्तक, मागे फ्लेक्स. बघणाऱ्याला कळलं ते इतकंच की समारंभ झाला. समारंभ झाला म्हटल्यावर माणूस अभिनंदन करतो आणि मोकळा होतो. कथा कशाबद्दल आहेत, पानं किती, किंमत काय, मागवायचं कसं, यातलं एक अक्षर पोस्टमध्ये नाही. अशी पोस्ट कोणी शेअर केली तरी त्यांच्या मित्रांना तुम्ही कोण हेसुद्धा कळणार नाही.

आता तांत्रिक बाजू पाहू. पोस्टच्या तारखेशेजारी दोन माणसांचं चिन्ह आहे, पृथ्वीचा गोल नाही. म्हणजे पोस्ट फक्त मित्रांसाठी आहे. अशी पोस्ट कोणी शेअर केली तरी ती तुमच्या मित्रयादीत असलेल्यांनाच दिसते, बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. ज्यांनी मनापासून शेअर केली त्यांचे कष्ट इथेच वाया गेले. पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन ती ‘पब्लिक’ करा. हे आजही करता येईल.

दुसरं, ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ असं तुम्ही लिहिलं आहे. पोस्टमध्ये लिंक असली की फेसबुक ती कमी लोकांना दाखवतं, या समजुतीतून ही पद्धत रूढ झाली. पण पोस्ट शेअर होते तेव्हा तिच्याखालच्या कमेंट सोबत जात नाहीत. शेअर पाहणाऱ्याला मूळ पोस्टवर जाऊन कमेंट शोधावी लागते, आणि तेवढं कोणी करत नाही. लिंक हवी तर कमेंटमध्ये ठेवा, पण किंमत आणि मागणीचा व्हॉट्सॲप नंबर पोस्टच्या मजकुरातच असू द्या.

तिसरं, ‘लाइक करा, शेअर करा, पाच मित्रांना टॅग करा’ अशी उघड मागणी करणाऱ्या पोस्ट मागे ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७पासून सुरुवात केली. म्हणजे जास्तीत जास्त शेअर मागणारं वाक्यच पोस्टच्या मुळावर येऊ शकतं. त्याजागी खरं उत्तर मागणारा प्रश्न टाका. तुमच्या संग्रहात गुऱ्हाळावरची कथा आहे, तर ‘तुमच्या भागात गुऱ्हाळं अजून चालतात का?’ एवढं विचारलंत तरी लोक दोन-दोन ओळी लिहितील, आणि त्या प्रत्येक उत्तराने पोस्ट पुढे सरकेल.

आणि मुख्य गोष्ट. सगळ्यांना मिळून केलेली विनंती कोणालाच केलेली नसते. साडेचार हजार विसरा. तुमच्या गेल्या वर्षभरातल्या पोस्ट चाळा आणि ज्यांनी शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं अशांची नावं वहीत उतरवा. तीस-चाळीस निघतील. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा आणि त्या माणसाला जमेल असं एकच काम सांगा. शिक्षिका असेल तिला एक कथा पाठवा आणि ती वर्गात वाचून दाखवता येईल का ते विचारा. गावातल्या ग्रंथालयाचा सभासद असेल त्याला मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहायला सांगा. बऱ्याच ग्रंथालयांत अशी वही असते. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानातून पुस्तकं घ्यावी लागतात, आणि सभासदाने मागितलेलं पुस्तक यादीत यायला ग्रंथपालाला एक कारण मिळतं. वहीत लिहायला पाच गोष्टी लागतात : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक). त्या पाच ओळी तुम्हीच टाइप करून द्या. एका ग्रंथालयात गेलेली प्रत वर्षभरात किती हातांतून जाते याचा हिशेब केलात तर शेअरचं आकर्षण बरंच कमी होईल.

प्रश्न : माझं सगळं जग व्हॉट्सॲपवर आहे. शाळेचा, सोसायटीचा, भिशीचा, माहेरचा, असे वीसेक ग्रुप. ब्रॉडकास्ट लिस्टही केली आहे. तरी मेसेज पोहोचतच नाही असं वाटतं. शिवाय दोन ग्रुपवर ‘इथे जाहिरात नको’ असं ऐकून घ्यावं लागलं. (नाशिक)

उत्तर : ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीचा, नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज जातो. बाकीच्यांना जात नाही आणि तशी सूचनाही तुम्हाला मिळत नाही. एका यादीत २५६ माणसं बसतात. तुमच्या यादीतल्या निम्म्यांनी नंबर सेव्ह केला नसेल, तर निम्मी यादी नुसती कागदावरच. त्यामुळे यादीत घालण्याआधी एकेकाला साधा निरोप पाठवा : ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवाल का? महिन्यातून एखादी कथा पाठवत जाईन. नको असेल तर तसं कळवा.’ जे ‘हो’ म्हणतील ते तुमचे वाचक. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना यादीत घालू नका. न विचारता पाठवलेले मेसेज लोक ‘रिपोर्ट’ करतात, आणि असे रिपोर्ट साचले की नंबरच बंद होऊ शकतो.

फॉरवर्डचंही गणित समजून घ्या. फॉरवर्ड केलेला मेसेज पाचहून जास्त चॅटना एकदम पाठवता येत नाही. जो मेसेज फिरत फिरत पाच किंवा अधिक टप्पे ओलांडतो त्यावर दोन बाणांची खूण येते, आणि एप्रिल २०२०पासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणजे मेसेज जितका फिरेल तितका त्याचा वेग मंदावतो. शिवाय दोन बाण दिसले की बरेच लोक उघडतही नाहीत. सकाळच्या सुविचारांनी ती सवय लावली आहे. त्यामुळे ‘फॉरवर्ड करा’ असं सांगण्यापेक्षा ‘स्वतःची एक ओळ लिहून त्याखाली हे चिकटवा’ असं सांगणं फायद्याचं. ‘ही आमच्या शेजारच्या काकूंची कथा, मला आवडली’ ही ओळ तुमच्या दहा ओळींना भारी पडते.

ग्रुपवर बोलणी खाल्लीत यात ग्रुपचा दोष नाही. आधी ॲडमिनला खासगीत विचारायचं, मग टाकायचं, आणि ग्रुपचा विषय पाहून टाकायचं. भिशीच्या ग्रुपमध्ये स्वतः न टाकता तिथल्या एकीला असं लिहा :

‘वहिनी, नमस्कार. माझं पुस्तक आलंय, सासर-माहेरच्या नऊ कथा आहेत. सोबत पहिल्या कथेची दोन पानं पाठवतेय. आपल्या भिशीत वाचणाऱ्या दोघी-तिघी असतील तर फक्त त्यांनाच पाठवाल का? पुस्तक १८० रुपयांना आहे, मला याच नंबरवर नाव-पत्ता कळवला की पोस्टाने पाठवते. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

यात काम एकच आहे, कोणाला पाठवायचं ते ठरलेलं आहे, किंमत आहे, आणि नाही म्हणायला वाट आहे. शेवटचं वाक्य गाळू नका. नात्यातल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, मग तो ‘हो हो, पाठवते’ म्हणतो, विसरतो आणि पुढे तुम्हाला टाळायला लागतो.

एक बारीकशी पण हमखास होणारी चूक म्हणजे पैशांसाठी नुसतं क्यूआरचं चित्र पाठवणं. मेसेज ज्या फोनवर उघडला त्याच फोनने ते चित्र स्कॅन कसं करायचं? गॅलरीतून चित्र निवडण्याची सोय ॲपमध्ये असते, पण ती सगळ्यांना सापडत नाही. क्यूआरखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, म्हणजे लांब दाबून कॉपी करता येतो. मागणीसाठी व्हॉट्सॲपची थेट लिंकही बनवता येते : डब्ल्यूए डॉट मी, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मोकळी जागाही नको. ती दाबली की नंबर सेव्ह न करताच तुमच्याशी चॅट उघडतं. इतरांनी पुढे पाठवायच्या मजकुरात ही लिंक असेल, तर मागणी मधल्या माणसाला न विचारता थेट तुमच्यापर्यंत येते.

प्रश्न : प्रत्येक पोस्टवर पन्नास जणांना टॅग करतो. काही जण रागावले. टॅग करू नये का? (बीड)

उत्तर : करू नये. पोस्टशी ज्यांचा खरा संबंध आहे, म्हणजे मुखपृष्ठकार, प्रकाशक, प्रस्तावना लिहिणारे, त्यांना करा. बाकीच्या बऱ्याच जणांनी टॅग आधी तपासायची सोय चालू केलेली असते, त्यामुळे तुमची पोस्ट त्यांच्या भिंतीवर तशीही जात नाही. राग मात्र पोहोचतो.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर कविता टाकते, मित्रमैत्रिणी स्टोरीला लावतातही, पण त्यातून संग्रहाकडे कोणीच वळत नाही. (पुणे)

उत्तर : इन्स्टाग्रामवर कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलच्या बायोमध्ये द्यावी लागते, किंवा स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावून. पूर्वी स्टोरीतल्या लिंकसाठी दहा हजार फॉलोअरची अट होती. ऑक्टोबर २०२१पासून हा स्टिकर सगळ्यांसाठी खुला झाला. अडचण अशी की मैत्रीण तुमची पोस्ट तिच्या स्टोरीला लावते तेव्हा स्टिकर आपोआप येत नाही, तो तिने वेगळा लावावा लागतो. म्हणून लिंक तिला आधी मेसेजमध्ये पाठवून ठेवा आणि सांगा : ‘स्टोरी लावशील तेव्हा हा स्टिकरही लाव.’ तिच्या जागी बसून पाहिलं की अशा गोष्टी लक्षात येतात. कॉपी करायला लिंक नाही, चित्र कुठून घ्यायचं माहीत नाही, काय लिहायचं सुचत नाही, या तीन कारणांनी शेअर राहून जातं. लिंक, उभं चित्र (१०८० बाय १९२०) आणि दोन-तीन नमुन्याच्या ओळी एकाच मेसेजमध्ये द्या. ओळी तिने बदलल्या तर उत्तमच. दहा जणींनी शब्दशः तीच ओळ टाकली की ती पढवलेली वाटते.

याहून चांगला मार्ग ‘कोलॅब’ पोस्टचा. पोस्ट टाकताना दुसऱ्या खात्याला सहलेखक म्हणून बोलवायचं. त्यांनी स्वीकारलं की तीच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते, आणि लाइक-कमेंट एकत्र मोजले जातात. तुमच्या कवितेला कोणी चित्र काढलं असेल किंवा चाल लावली असेल, तर त्यांना असं बोलवणं रास्त आहे. नुसते फॉलोअर जास्त आहेत म्हणून कोणाला गळ घालू नये.

आणि नाव. संग्रहाचं नाव देवनागरीबरोबर रोमन लिपीतही एकदा लिहा. बरेच मराठी वाचक शोध रोमनमध्ये घेतात, आणि एका ‘क्ष’चं स्पेलिंग चार जण चार तऱ्हांनी करतात. तुमचं कोणतं ते ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

प्रश्न : फॉलोअरपैकी वीस जणांना मोफत प्रत देऊन अभिप्राय लिहायला सांगायचा विचार आहे. प्रकाशक म्हणतात, घरच्यांनाही ॲमेझॉनवर पाच तारे द्यायला सांगा. (ठाणे)

उत्तर : घरच्यांना अजिबात सांगू नका. नातेवाईक आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेले अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत. ते काढले जातात, आणि कधीकधी त्यांच्यासोबत खरे अभिप्रायही जातात. पुस्तकांना एक सवलत आहे. लेखक-प्रकाशक मोफत प्रत देऊ शकतात, पण ‘प्रत घ्या, अभिप्राय द्या’ अशी अट घालता येत नाही आणि काय लिहायचं तेही सुचवता येत नाही. त्यामुळे निरोप असा हवा : ‘प्रत पाठवतोय. वाचून काही लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, चांगलं-वाईट जे वाटेल ते.’

इन्स्टाग्राम-यूट्यूबवर पुस्तकांविषयी बोलणाऱ्यांना प्रत देत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था एएससीआय हिने मे २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. मोफत मिळालेली वस्तू हासुद्धा त्यात आर्थिक संबंध मानला जातो, आणि तो पोस्टमध्ये सहज दिसेल असा सांगावा लागतो. ‘लेखकाकडून भेट प्रत’ असं सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला आणि सोबत या संस्थेने ठरवून दिलेलं जाहिरातीचं लेबल लावायला सांगा. हॅशटॅगांच्या ढिगात शेवटी दडपून चालत नाही. काही जणांना यात कमीपणा वाटतो. वाचकाला तसं वाटत नाही.

‘पोस्ट शेअर करा आणि पुस्तक जिंका’ अशी सोडतही काही जण काढतात. स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही सोडतीत भाग घेण्याची अट ठेवायला फेसबुकच्या नियमांत मनाई आहे. कमेंटमध्ये उत्तर लिहा, एवढी अट चालते.

प्रती पोस्टाने जाणार असतील तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा पाहा. ती १ मे २०२५पासून सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर सुरू होतो, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा, आणि पाकीट कुठे पोहोचलं ते पाहता येतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक पाकिटासकट बहुधा ३०० ग्रॅमच्या आत बसतं, पण काट्यावर ठेवून पाहा. जाड पुठ्ठा घातला की वजन पुढच्या टप्प्यात जातं.

प्रश्न : माझा ललितलेख व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला, पण माझ्या नावाशिवाय. एका ठिकाणी तर खाली दुसऱ्याचंच नाव होतं. फॉलोअरना सांगून त्या माणसाला धडा शिकवावा का? (रत्नागिरी)

उत्तर : धडा शिकवायला झुंड पाठवू नका. ज्याचं नाव खाली आहे त्याने ते स्वतः टाकलं असेलच असं नाही. अनेकदा फॉरवर्ड करणाऱ्याचं नाव त्याच्याही नकळत लेखक म्हणून चिकटतं. आधी स्वतः खासगीत, सौम्य शब्दांत लिहा आणि मूळ लेखाची तारीख दिसेल असा पुरावा जोडा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७नुसार आपल्या लेखनावर आपलं नाव असण्याचा हक्क लेखकाचा आहे, आणि हक्क विकले तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॉपीराइटची तक्रार करायचा अर्ज आहे. तो हक्क ज्याचा आहे त्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनेच भरायचा असतो, त्यामुळे चाहत्यांनी शंभर वेळा ‘रिपोर्ट’ दाबून काही साधत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मात्र परत घेता येत नाही. तिथे उपाय आधीच करावा लागतो.

नाव शेवटी असलं की ते कापलं जातं, कारण कॉपी करणारा शेवटची ओळ सोडतो. म्हणून नाव शीर्षकाखाली टाका, शेवटी टाका, आणि जमलं तर मजकुरातच एखाद्या वाक्यात येऊ द्या. ‘माझी आजी मला हाक मारायची ती...’ अशा वाक्यात आलेलं नाव काढायला लेख वाचावा लागतो, आणि चोर सहसा वाचत नाही. लेखाचं चित्र करून पाठवणंही सुरक्षित वाटतं, पण चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, वयस्कर वाचकांनी ते मोठं केलं की ओळी पडद्याबाहेर जातात, आणि उतरवून पुन्हा पुन्हा पाठवलं की अक्षरं पुसट होऊ शकतात.

फॉलोअरना सांगायचं काम इथे खरोखर आहे. ‘माझा लेख नावाशिवाय दिसला तर त्याखाली मूळ लेखाची लिंक देऊन एक ओळ टाका,’ एवढं सांगा. वाद घालू नका, असंही सांगा.

प्रश्न : डीटीपीवाल्याकडून पुस्तकाची फाइल घेतली. उतारा कॉपी करून फेसबुकवर टाकला तर चित्रविचित्र अक्षरं उमटतात. (जळगाव)

उत्तर : पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोन-संगणकावर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत नाही, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावलेलं आहे. पडद्यावर मराठी दिसते ती फॉन्टमुळे. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. परिवर्तकाने (फॉन्ट कन्व्हर्टरने) युनिकोड करून घ्या आणि मग जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा. बिघाड तिथेच होतो. सगळं पुस्तक बदलायची गरज नाही. लोकांनी पुढे पाठवावेत असे दीडशे-दोनशे शब्दांचे तीन-चार उतारे पुरेत. कथेचा शेवट उघड करणारा उतारा निवडू नका, हे सांगायला नको, पण लोक निवडतात.

प्रश्न : दिवाळी अंकात कथा आली आहे. ती पूर्ण फेसबुकवर टाकून लोकांना शेअर करायला सांगू का? (पणजी)

उत्तर : अंक विक्रीत असेपर्यंत टाकू नका. संपादकाने पैसे आणि पानं खर्च केली आहेत. पहिले दोन परिच्छेद, अंकाचं नाव आणि तो कुठे मिळेल एवढं टाका, आणि शेअर मागायचा तो त्याचाच मागा. पूर्ण कथा कधी टाकता येईल ते संपादकांना विचारून घ्या. उलट बाजूही लक्षात असू द्या. पुढच्या वर्षी अंकाला पाठवायची कथा आधीच फेसबुकवर टाकलीत, तर बरेच संपादक ती प्रकाशित झालेली मानतात आणि घेत नाहीत. स्पर्धांच्या नियमांतही ‘अप्रकाशित’ या अटीखाली समाजमाध्यमं धरलेली असतात.

प्रश्न : एका पुस्तकासाठी लोकांकडे किती वेळा मागावं? (सोलापूर)

उत्तर : एका माणसाकडे एका पुस्तकासाठी एक विनंती, आणि दहा-बारा दिवसांनी एकच आठवण. तीही काही नवीन सांगण्यासारखं असेल तर : परीक्षण आलं, दुसरी आवृत्ती निघाली, गावच्या ग्रंथालयात पुस्तक लागलं. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर तो विषय तिथेच सोडा आणि पुढच्या भेटीत काढू नका. ज्यांनी मदत केली त्यांना आठवड्याच्या आत कळवा की त्यातून काय झालं : ‘तुम्ही सांगितलंत त्या तिघींनी पुस्तक मागवलं.’ हे सांगता यावं म्हणून मागणी येईल तेव्हा ‘कोणाकडून कळलं?’ असं विचारायचं आणि वहीत नोंदवायचं. दोन महिन्यांनी ती वही उघडलीत की पुढच्या पुस्तकाच्या वेळी कोणाला निरोप पाठवायचा आणि कोणाला नाही, ते तिच्यातच लिहिलेलं सापडेल.